३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६ : तुम्ही कुठे होतात?

ताशावाला

चाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसासमोर किल्लारीचं नाव काढून बघा. तो आकडे सांगत बसत नाही. ‘मी तेव्हा...’ अशीच सुरुवात करतो. म्हणून हा धागा. भूकंपाची शास्त्रीय माहिती सगळीकडे मिळते, मला तुमची ती पहाट हवी आहे.

माझ्यापासून सुरू करतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. मी पुण्यात लक्ष्मी रोडवर, पथकात ताशाला. पुण्याची मिरवणूक म्हणजे दुसरा दिवस उजाडला तरी शेपूट बाकीच असतं. पहाटे चारला आमचं मंडळ चौकात अडकून पडलं होतं आणि आम्ही जीव खाऊन वाजवत होतो. जमीन हलल्याचं आमच्यातल्या एकालाही कळलं नाही. कळणार कसं? जमीन रात्रभर हलतच होती. सकाळी घरी आलो तर आई जागी, मांडणीवरची भांडी खाली उतरवून ठेवलेली. ‘कोयना परत हलली वाटतं,’ म्हणाली. आमच्याकडे तोवर भूकंप म्हणजे कोयनाच. मग रेडिओवर सकाळच्या प्रादेशिक बातम्यांत लातूर-उस्मानाबादचं नाव आलं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. लातूर? तिथे कसला भूकंप?

दोन दिवसांनी आकडा हजारांत गेला तेव्हा घरात ताशा दिसू नये म्हणून मी तो माळ्यावर टाकला होता. का, ते आजही नीट सांगता येणार नाही.

लिहा.

चर्नीरोड

मुंबईत, तिसऱ्या मजल्यावर. पलंग हलला आणि पहिला विचार बॉम्बचा आला. त्याच वर्षी १२ मार्चला बारा स्फोट झालेले, डोकं त्यातून बाहेर आलंच नव्हतं. खिडकीतून धूर दिसतोय का बघितलं. नाही दिसला, परत झोपले. एवढंच.

सोलापुरी

सोलापूर. वरती पत्रे, खाली आम्ही सात जणं ओळीनं. पत्र्यांवरून ट्रक गेल्यासारखा आवाज आला. वडिलांनी एकेकाला ओढत बाहेर काढलं. अख्खी गल्ली रस्त्यावर, कोण चड्डीवर, कोण चादरीत. पाच मिनिटांनी लोक हसायला लागले, एकमेकांचे अवतार बघून. खरंच हसलो आम्ही. तासाभरात कुणीतरी स्टोव्ह बाहेर काढून चहा टाकला.

मग उजाडल्यावर सिव्हिल हॉस्पिटलकडे टेम्पो, जीपा, ट्रॅक्टर यायला लागले. मी कॉलेजात होतो, रक्त द्यायला गेलो आणि रात्रीपर्यंत स्ट्रेचर उचलत राहिलो. रक्त फारसं आठवत नाही. माती आठवते. केसात, कानात, पापण्यांवर पांढरी माती. सगळी माणसं एकाच वयाची दिसत होती. नर्स ओल्या कापसानं आधी तोंड पुसायची, तेव्हा कळायचं की हे म्हातारं आहे की लेकरू. एका बाईच्या मुठीत मंगळसूत्राचा तुटलेला सर होता, ती मूठ उघडू देईना. सलाईन दुसऱ्या हाताला लावावं लागलं.

मुपो_नांदेड

नांदेडला होतो, सहावीत. खडबडून जागे झालो, मग दोन-तीन आठवडे अख्खं मराठवाडा अंगणात झोपत होतं. रोज संध्याकाळी नवी अफवा. ‘आज रात्री दोन वाजता येणार.’ कोण सांगायचं, कुठून वेळ काढायचं, देव जाणे. पण दोन वाजेपर्यंत मोठी माणसं जागी असायची हे नक्की.

बाकी मला त्या दिवशीचा पेपर लख्ख आठवतो. सकाळी दारात पडलेला, पहिल्या पानावर मोठ्ठा काळा मथळा, वडील उभ्यानेच वाचत होते.

निवृत्त_बातमीदार

@मुपो_नांदेड, गंमत म्हणून सांगतो, रागावू नका. ३० तारखेच्या सकाळच्या अंकात ती बातमी असणं शक्यच नव्हतं. धक्का बसला ३:५६ ला. तुमच्याकडे येणारी डाक आवृत्ती मध्यरात्रीच्या आधीच छापून गाडीत चढलेली असायची, शहर आवृत्तीसुद्धा फार तर दोन-अडीचला सुटायची. ३० च्या अंकात विसर्जनाचे फोटो होते. मथळे आले १ ऑक्टोबरला.

मी तेव्हा डेस्कवर होतो. अंक सोडून घरी जाऊन आडवा झालो आणि तासाभरात फोन. परत ऑफिसात आलो तेव्हा लातूरला लाइन लागत नव्हती. उमरगा नाही, निलंगा नाही, औसा नाही. टेलिप्रिंटरवर आधी फक्त ‘जोरदार धक्का’ आला. ‘काही घरांची पडझड’ असं मी स्वतः लिहून घेतलेलं आठवतंय. दुपारपर्यंत ‘काही घरांची’ हे शब्द वाचवेनात.

मुपो_नांदेड

तुमचं गणित बरोबर असेल साहेब, पण तो मथळा माझ्या डोळ्यापुढे आहे आणि वडिलांच्या अंगात बनियन होतं.

प्राध्यापिका

बनियन खरंच असेल. :) दोन सकाळी एकमेकींना चिकटल्या असतील.

यावर अभ्यास झालेले आहेत. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर फुटलं. दुसऱ्याच दिवशी नाइसर आणि हार्श या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की तुम्ही कुठे होतात, कुणी सांगितलं, सोबत कोण होतं. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्याच ४४ जणांना परत तेच विचारलं. जवळपास पाव मुलांची उत्तरं पहिल्या कागदाशी कुठेच जुळेनात. वर्गात ऐकलेलं टीव्हीसमोर जाऊन बसलेलं. आणि खात्री मात्र ठाम. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी जुनी आठवण काही परत येईना.

यावरून कुणी खोटं बोलतं असं ठरत नाही. आपण ती गोष्ट इतक्यांदा सांगतो की सांगताना तिला आकार येतो, आणि पुढच्या वेळी आपल्याला तो आकारच आठवतो. माझी स्वतःची किल्लारीची आठवण मी म्हणूनच लिहीत नाहीये. ती फारच गोळीबंद झाली आहे.

बिनकामाचा

मग धागा बंद करू या का? सगळेच थापा मारतायत म्हणे.

(इंदिरा गांधींचं पण असंच. आमच्या ऑफिसात अर्धे लोक सांगतात सकाळी दहाला रेडिओवर ऐकलं म्हणून. हल्ला सकाळी सव्वानऊ-साडेनऊचा हे खरं, पण आकाशवाणीनं मृत्यूची अधिकृत बातमी दिली संध्याकाळी सहाला. दुपारी ज्यांना कळलं त्यांना बीबीसीवरून.)

ताशावाला

धागा बंद नाही. इंदिराजी, २६/११, त्सुनामी यांवर वेगळे धागे काढा, तिथे मी पण लिहीन. इथे किल्लारीच राहू द्या, नाहीतर खिचडी होईल.

झोळीवाला

मी तिसऱ्या दिवशी पोचलो, पुण्याहून ट्रकनं, बिस्किटं आणि ताडपत्र्या घेऊन. त्यामुळे ‘त्या क्षणी कुठे’ याला माझं उत्तर झोपेत असंच आहे. पण तिथे जे बघितलं त्यातलं थोडं लिहितो.

पाऊस. कुणी पावसाचं बोलत नाही. भूकंपानंतर पावसानं असं झोडपलं की ढिगाऱ्याचा चिखल झाला. उपसलेलं परत खाली बसायचं. अंत्यसंस्काराला कोरडं लाकूड नव्हतं, तेव्हा पडलेल्या घरांच्याच तुळया आणि खांब ओढून चिता रचल्या. सागवानी, नक्षीचे खांब. एकेका चितेवर किती, ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं.

बघे. हे लिहायला लाज वाटते, पण रस्ता अडला होता तो मदतीच्या गाड्यांनी कमी आणि सहकुटुंब भूकंप बघायला आलेल्यांच्या गाड्यांनी जास्त. डबे घेऊन आलेली माणसं होती.

आणि कपडे. महाराष्ट्रानं घरातले जुने कपडे रिकामे केले. रस्त्याच्या कडेला ढीग, त्यात कोट, टाय, लेसचे फ्रॉक, उसवलेली जरीची पातळं, सगळं पावसात भिजून कुजायला लागलेलं. नऊवारी नेसणाऱ्या म्हातारीनं त्यातून काय उचलायचं? शेवटी जनावरांच्या खाली अंथरलं लोकांनी. तेव्हापासून कुठेही आपत्ती आली की मी सरळ पैसे पाठवतो.

एक चांगलंही बघितलं. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेचे लोक आले आणि भूकंपग्रस्त घरांतली सुमारे १२०० मुलं शिकायला पुण्याला घेऊन गेले. एका आज्याला नातू सोडवेना. गाडी सुटताना ‘घेऊन जा, घेऊन जा’ म्हणत होता आणि पोराचा हात सोडत नव्हता.

तेरणाकाठ

बरेच दिवस वाचतो आहे, आज लिहितो. भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या बावन्न गावांतल्या एका गावचा मी. नाव लिहीत नाही. अकरा वर्षांचा होतो.

आम्ही आखाड्यावर होतो, मी अन् आजोबा. म्हणजे शेतात, बैलं बांधायच्या जागी. रानडुकरं यायची म्हणून राखणीला. खरं तर गणपती बुडवून सगळे घरीच झोपणार होते, आजोबा एकटे निघाले म्हणून मी हट्ट करून मागं लागलो. आई नको म्हणत होती.

आधी बैल उठले. दावं तोडायला लागले. मग खालून आवाज आला, जमिनीच्या आतून, लई मोठा. तो आवाज नवीन नव्हता. आदल्या वर्षीपासून, ऑगस्ट-सप्टेंबर ब्याण्णवपासून आमच्या भागात असे आवाज अन् धक्के चालूच होते. तेव्हा लोक कितीक दिवस बाहेर झोपले, मग कंटाळले, थंडी आली, पाऊस आला, परत घरात गेले. म्हणून आजोबांना आधी वाटलं नेहमीचंच आहे. मग आम्ही दोघं आडवे पडलो, उभंच राहता येईना. गावाकडं बघितलं तर धुरळा. चांदणं होतं, पुनवेचं, अन् गाव दिसत नव्हतं.

धाग्याचं नाव वाचून मला काय वाटलं ते सांगतो, राग मानू नका. ‘कुठं होतास’ हे तुम्ही आठवणीसाठी विचारता. आमच्याकडं त्या सकाळी हाच प्रश्न सगळे विचारत होते. कोण कुठं झोपलं होतं? कारण ते कळलं तर कुठं उकरायचं ते कळायचं. घर सगळं बसलेलं, दार कुठं, न्हाणी कुठं काही उमगत नव्हतं. आजोबा उभे राहून पावलं टाकत होते. ‘इथं ढाळज. इथून चार पावलं चौक. हे माजघर.’ माणसं तिथं खोदायची. काका ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या ओसरीत, झोपायचा, तो सापडला, जिवंत. आई अन् बहीण माजघरात झोपायच्या. मिलिटरीचे लोक आले तेव्हा त्यांनीपण हेच विचारलं, एकेका घरापुढं, मोडक्या मराठीत. ‘कौन किधर सोया था?’ अन् लोक हात करून दाखवायचे.

गणपतीनं उशीर केला म्हणून कोण पारावरच पडलं, ते वाचलं. कोण चुलत्याकडं मुक्कामाला गेलं, ते गेलं. पाहुणा आला म्हणून कुणी आपली जागा दिली. हे असलं आमच्या गावात घरोघरी आहे. म्हणून आमच्यात एकमेकांना हे फार विचारत नाहीत. माहीतच असतं.

सोलापुरी

@तेरणाकाठ, तुमचं वाचून जागचा हललो नाही. अजून लिहावंसं वाटलं तर लिहा.

दगडमाती

तेरणाकाठ यांनी ढाळज, माजघर लिहिलंय त्यावरून थोडं. मी स्थापत्य अभियंता, नंतरच्या पुनर्वसनात काम केलं आहे.

रिश्टर मापात ६.२ च्या आसपासचा भूकंप. जगात असे दरवर्षी बरेच होतात, दर वेळी आठ-दहा हजार माणसं जात नाहीत. इथे गेली ती दोन कारणांनी: वेळ आणि माळवद, म्हणजे मातीच्या छताचं घर. भिंती दोन-तीन फूट जाड, गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे खडी-माती भरलेली, दोन्ही थरांना बांधणारा लांब दगडच नाही. वरती लाकडी छत आणि त्यावर मातीचा थर. पाऊस गळला की पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही. अशानं छतावर पिढ्यांची माती साचत गेली. धक्क्यानं भिंतीचे दोन थर फाकले, दगड आत कोसळले आणि माती वरून. बरीच माणसं त्या मातीत गुदमरून गेली.

उलट बघा. गावकुसाबाहेर कुडाच्या झोपड्या होत्या, तुराट्या-पऱ्हाटीच्या, शेणानं सारवलेल्या. त्या उभ्या राहिल्या. ज्यांचा वाडा मोठा, त्यांचं घर जास्त गेलं.

आणि ‘लातूरला कसला भूकंप’ हा ताशावाल्यांचा प्रश्न तेव्हा शास्त्रज्ञांचाही होता. सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला.

बिनकामाचा

पण तेरणा धरणामुळे झाला ना? आमच्याकडे सगळे तेच सांगतात.

दगडमाती

सांगतात, आणि का सांगतात तेही कळतं. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाचा संबंध शिवसागर जलाशयाशी जोडला जातो, त्यावर जगभर अभ्यास आहेत. पण कोयनेचं धरण शंभर मीटरच्या वर उंच. निम्न तेरणा त्यापुढे फार लहान. तज्ज्ञांत वाद झाला, एकमत धरणाच्या बाजूनं झालेलं नाही. दगड-मातीच्या घराला दोष देण्यापेक्षा धरणाला देणं लोकांना सोपं जातं, कारण घर आजोबांनी बांधलेलं असतं.

नवीन_गाव

मी ९५ चा. म्हणजे त्या क्षणी नव्हतोच. पण जन्मल्यापासून तेच ऐकतोय. आमच्याकडे काळ दोनच: भूकंपाआधी आणि भूकंपानंतर. कुणाचं लग्न कधी झालं विचारा, सन कुणी सांगत नाही.

पुनर्वसनातलं गाव म्हणजे सरळ आखलेले रस्ते, ओळीनं सारखी घरं. जमिनीप्रमाणं घर मिळालं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. जुन्या गावात गल्लीत शिरलं की कोण कुणाचं ते कळायचं म्हणे. इथे पाहुणा नंबर विचारत फिरतो. शेत लांब पडलं, नदी लांब पडली.

आणि एक गंमत. पक्क्या घरात बऱ्याच म्हाताऱ्यांनी कधी अंग टाकलंच नाही. पुढे पत्र्याचं शेड मारलं, झोपायचं तिथं. आत ज्वारीची पोती, पेटी आणि देव. माझी आजी उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून निघायची. आत पंखा होता. म्हटलं आत चल, तर म्हणायची, ‘पंख्याच्या वर काय आहे?’ स्लॅब आहे म्हटलं की विषय संपला.

झोळीवाला

बरोबर. जागतिक बँकेचं कर्ज, नामांकित संस्था, सगळं कामाला लागलं होतं आणि घरं मजबूतच बांधली. पण बैल कुठे बांधायचा, हे नकाशात आधी कुणीच काढलं नव्हतं.

निवृत्त_बातमीदार

तेरणाकाठ यांच्या प्रतिसादानंतर मी माझ्या तेव्हाच्या वह्या काढल्या. तिथे माझ्या अक्षरात एका गावातल्या घरांचे चौकोन काढलेत आणि त्यात फुल्या. मला वाटायचं मी बातमीसाठी नकाशा केला होता. आता कळतंय, कुणीतरी कोण कुठे झोपलं होतं ते सांगत असणार आणि मी उतरवून घेत असणार. खाली फक्त ‘मागची भिंत, तिघं’ एवढं लिहिलंय.

तेरणाकाठ

साहेब, ती वही टाकू नका.

आईचं विचारलं काही जणांनी व्यक्तिगत निरोपात. आई दुसऱ्या दिवशी सापडली. बहीण वाचली, तिच्यावर दाराची चौकट आडवी आली होती. ती आता लातूरला शिक्षिका आहे. तिला त्या रात्रीचं काहीच आठवत नाही, चौकटीच्या फटीतून कुणाच्या तरी पायातला जोडा दिसत होता, तेवढं सांगते.

अंबाजोगाई

धाग्याला थोडं सोडून आहे, पण @दगडमाती यांना विचारायचं आहे. आमच्या गावी अजून माळवदाचं घर आहे, आईवडील तिथेच राहतात. वडील ऐकत नाहीत, म्हणतात ९३ ला इथे भांडंसुद्धा पडलं नव्हतं. सगळं पाडून बांधायची ऐपत सध्या नाही. काय करता येईल?

दगडमाती

पाडायची गरज नाही. पहिलं काम म्हणजे छतावरची माती उतरवा. सगळी नाही, पण पिढ्यांचे थर काढून अगदी पातळ ठेवा आणि गळतीसाठी वरून प्लास्टिकचा कागद घाला. निम्मा धोका इथेच जातो. मग भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर बांधले जातात. दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून पट्टा फिरवायचा. किल्लारीनंतर उभ्या राहिलेल्या हजारो घरांना हेच केलं होतं, गावच्या गवंड्याला जमतं. फक्त आधी जाणकार माणसाला घर दाखवा. भिंतींची अवस्था कशी आहे?

अंबाजोगाई

पूर्वेकडच्या भिंतीला पोट आलंय, चार-पाच वर्षं झाली. वडिलांची बाज त्याच भिंतीला लागून असते.

दगडमाती

मग बाकीचं नंतर. आज फोन करून बाज हलवायला सांगा, शक्यतो दाराजवळ. भिंतीचे फोटो काढून इथे टाका, बाहेरून आणि आतून, दोन्ही कोपरे येतील असे.